मित्र, वरुण, झ्यूस, बेहराम: प्राचीन देवांच्या नात्यागोत्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सूर्यनमस्काराचा पहिला मंत्र ‘ॐ मित्राय नमः’. हा मित्र इराणात मिथ्र म्हणून पुजला गेला आणि पारशी पंचांगातल्या मेहेर महिन्यात आजही आहे. सव्वातीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या, आजच्या तुर्कस्तानात सापडलेल्या एका तहनाम्यात तो साक्षीदार म्हणूनही उभा आहे. अशी नाती कळली की पुढे प्रश्नांची रांग लागते. त्यातले काही प्रश्न पक्क्या पुराव्याने सुटतात, काही नुसत्या योगायोगावर उभे असतात. दोन्ही प्रकार इथे एकत्रच घेतले आहेत, कारण विचारणारे ते एकत्रच विचारतात.

झ्यूस, ज्युपिटर आणि आपला द्यौस् हा एकच देव आहे का?

नाव एकच आहे, याबद्दल शंका नाही. ऋग्वेदात ‘द्यौष्पितः पृथिवि मातः’ अशी हाक येते: हे आकाशपित्या, हे पृथ्वीमाते. ग्रीक भक्त ‘झेउ पातेर’ म्हणून हाक मारत. रोमनांनी तर देवाचं नाव आणि ‘पाटेर’ म्हणजे बाप हा शब्द कायमचे जोडून टाकले, तोच ज्युपिटर. तीन भाषांत देवाचं नाव जुळतं, त्याला लावलेला ‘पिता’ जुळतो, आणि मुळातला ‘उजळ आकाश’ हा अर्थही जुळतो. इतकं सगळं योगायोगाने होत नाही.

देव मात्र एकच राहिला नाही. झ्यूस हा राजा झाला, वज्र त्याच्या हातात आलं. आपल्याकडे द्यौस् पुसट होत गेला. ऋग्वेदात त्याच्या एकट्याच्या नावावर एकही पूर्ण सूक्त नाही, पृथ्वीबरोबर जोडीनेच त्याची स्तुती होते. वज्र आणि राज्य दोन्ही इंद्राकडे गेलं. म्हणून झ्यूसचं नाव द्यौसाशी जुळतं आणि काम इंद्राशी. देवांच्या नात्यांबद्दल बोलताना ही दोन खाती वेगळी ठेवावी लागतात, नाहीतर सगळा गोंधळ होतो.

नावं सारखी वाटतात एवढ्यावरून नातं कसं ठरवता?

वाटण्यावरून ठरवत नाहीत. दोन भाषांतला ध्वनिबदल शेकडो शब्दांत एकाच नियमाने होत असेल, तरच नातं मानतात. संस्कृतातल्या ‘स’च्या जागी अवेस्तात, म्हणजे पारशांच्या प्राचीन धर्मग्रंथांच्या भाषेत, ‘ह’ येतो: सोम–हओम, सप्त–हप्त, असुर–अहुर, सिंधू–हिंदू. लॅटिनमध्ये दोन स्वरांमधल्या ‘स’चा ‘र’ होतो, म्हणून उषेची तिथली बहीण ‘ऑरोरा’ झाली. कानाला उषस् आणि ऑरोरा अजिबात सारखे वाटत नाहीत, पण नियम लावला की नातं चोख बसतं.

याच्या उलटही घडतं. लॅटिन ‘देउस’ आणि ग्रीक ‘थेओस’ दोन्हींचा अर्थ देव, दोन्ही शेजारच्या भाषांतले, ऐकायलाही सख्खे. तरी त्यांचं काही नातं नाही. ‘देउस’ आपल्या ‘देव’चा भाऊ आहे आणि ‘थेओस’ वेगळ्याच मुळापासून आला आहे. हे एक उदाहरण लक्षात ठेवलं तर समाजमाध्यमांवर फिरणारे निम्मे दावे आपोआप गळून पडतात.

हे साम्य प्रथम कोणाच्या लक्षात आलं?

पुस्तकांत विल्यम जोन्सचं नाव असतं. २ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्यात एशियाटिक सोसायटीपुढे केलेल्या भाषणात त्याने संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच, कदाचित आता अस्तित्वात नसलेल्या, उगमातून निघाल्या असाव्यात असं मांडलं. भाषांच्या तुलनेच्या शास्त्राची सुरुवात तिथून झाली हे खरं.

पण त्याच्या दोनशे वर्षं आधी गोव्यात हे दोघांना जाणवलं होतं, आणि मराठी माणसाने ते विसरता कामा नये. ‘ख्रिस्तपुराण’ लिहिणारे फादर थॉमस स्टीफन्स यांनी १५८३ साली गोव्याहून भावाला लिहिलेल्या पत्रात इथल्या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिनसारखी असल्याचं नोंदवलं. त्याच दशकात फिलिप्पो सास्सेत्ती हा फ्लॉरेन्सचा व्यापारी गोवा-कोचीन भागात राहत होता. सात, आठ, नऊ हे आकडे, सर्प आणि देव हे शब्द आपल्या इटालियन शब्दांसारखे कसे, याचं त्याला नवल वाटलं आणि ते त्याने पत्रात लिहून ठेवलं. स्टीफन्सचं पत्र तर १९५७ पर्यंत छापलंच गेलं नव्हतं.

तुर्कस्तानात इंद्र-वरुणांची नावं सापडली, हे खरं आहे की अफवा?

अगदी खरं आहे, आणि या विषयातला सगळ्यात भक्कम पुरावा हाच आहे.

तुर्कस्तानातल्या बोगाझकोई या गावाजवळ हत्तुशा ही हित्ती साम्राज्याची राजधानी होती. ह्यूगो विंकलर या जर्मन संशोधकाने १९०६ पासून तिथे उत्खनन केलं, तेव्हा कीलाक्षरांत लिहिलेल्या हजारो मातीच्या पाट्या हाती आल्या. त्यात हित्ती राजा सुप्पिलुलिउमा आणि मितन्नीचा राजा शत्तिवाझा यांच्यातला तह होता. काळ इसवी सनपूर्व १४वं शतक. मितन्नीचं राज्य म्हणजे आजचा उत्तर सीरिया आणि त्याच्या आसपासचा मुलूख. तहाची भाषा अक्कदी, म्हणजे त्या काळातली दरबारी व्यवहाराची भाषा.

तहाच्या शेवटी दोन्ही बाजूंचे देव साक्षीला बोलावले आहेत: जो शब्द मोडेल त्याला यांनी शासन करावं. मितन्नीच्या यादीत आधी तेशुब वगैरे तिथले स्थानिक हुर्री देव येतात. मग पुढे मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य, म्हणजे अश्विनीकुमार, ओळीने येतात. लेखनिकाने ती नावं त्याच्या लिपीत जमेल तशी अक्षर-अक्षर तोडून लिहिली आहेत: ‘मि-इत्-र’, ‘उ-रु-व-न’, ‘इन्-द-र’, ‘न-श-अत्-ति-य’. मित्र आणि वरुण या नावांना पुढे हुर्री भाषेचे प्रत्यय चिकटलेले आहेत.

आता हा क्रम पाहा. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या १२५व्या सूक्तात वाग्देवी म्हणते, ‘अहं मित्रावरुणोभा बिभर्म्यहमिन्द्राग्नी अहमश्विनोभा’. मित्र, वरुण, इंद्र, अश्विन. अग्नी सोडला तर क्रम तोच. आणि ज्यांच्या घरी नवरात्रात देव्यथर्वशीर्षाची आवर्तनं होतात, त्यांना ही ओळ वेगळी सांगायला नको, कारण थोड्या फरकाने ती त्यातही आहे. शपथेचा रखवालदार म्हणून मित्र आणि वरुण यांना पुढे घालणं तर ऋग्वेदाशी तंतोतंत जुळतं. करार पाळणं हेच मित्राचं मुख्य काम.

म्हणजे मितन्नी लोक भारतातून तिकडे गेले होते का?

त्या पाटीवरून दिशा ठरत नाही. प्रजेची भाषा हुर्री होती. आपल्या भाषेच्या खुणा फक्त राजांच्या नावांत, या चार देवांत आणि घोड्यांच्या धंद्यात दिसतात. किक्कुली नावाच्या मितन्नी अश्वशिक्षकाचा घोडे तयार करण्याचा ग्रंथ त्याच हत्तुशात सापडला. घोड्याला किती फेऱ्या मारायला लावायच्या हे सांगताना तो ‘ऐकवर्तन्न’, ‘तेरवर्तन्न’, ‘पंझवर्तन्न’, ‘सत्तवर्तन्न’ असे शब्द वापरतो: एक, तीन, पाच, सात फेऱ्या. इराणी शाखेत ‘एक’साठी ‘अइव’ असा शब्द आहे. ‘ऐक’ म्हटलं की बोलणारा आपल्या, म्हणजे हिंदी-आर्य, शाखेचा हे उघड होतं.

एकाच मोठ्या समूहाची एक फांदी पश्चिमेला सीरियाकडे गेली आणि दुसरी सिंधूकडे आली, असं बहुतेक अभ्यासक मानतात. भारतातूनच लोक तिकडे गेले असंही काही जण मांडतात. पाटी फक्त एवढंच निर्विवाद सांगते की इसवी सनपूर्व १४व्या शतकात हे चार देव एकत्र, ठराविक क्रमाने पुजले जात होते.

मग आर्य कुठून आले, हा वाद यातून मिटतो का?

फक्त देवांच्या नावांवरून मिटत नाही. या भाषाकुळाचं मूळ काळ्या समुद्राच्या उत्तरेकडच्या गवताळ पट्ट्यात असावं, हे मत आज जगभर सर्वाधिक मानलं जातं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राखीगढी या हरियाणातल्या सिंधू संस्कृतीच्या स्थळी केलेल्या उत्खननातल्या एका स्त्रीच्या सांगाड्याचा जनुकीय अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. तिच्यात त्या गवताळ पट्ट्याचा वारसा आढळला नाही. त्याच वर्षीच्या दुसऱ्या मोठ्या अभ्यासानुसार तो वारसा दक्षिण आशियात साधारण इसवी सनपूर्व २००० ते १५०० या काळात आला. दोन्ही निष्कर्षांचा अर्थ कसा लावायचा यावर भारतात जोरदार वाद आहे. लोकमान्य टिळकांनी तर १८९३ आणि १९०३ मधल्या आपल्या दोन ग्रंथांत ज्योतिषाच्या आधारे वेदांचा काळ बराच मागे आणि मूळ वस्ती थेट उत्तर ध्रुवाजवळ नेली होती. ध्रुवाची कल्पना आज स्वीकारली जात नाही, पण ऋचांतल्या नक्षत्रांकडे इतक्या बारकाईने पाहायला त्यांनी शिकवलं, हे मोठं काम होतं.

आपल्याकडे असुर वाईट आणि पारशांकडे अहुर हाच परमेश्वर. हे उलटं कसं झालं?

उलटं झालं ते टप्प्याटप्प्याने. ऋग्वेदाच्या जुन्या भागात ‘असुर’ हा मानाचा शब्द आहे. वरुणाला असुर म्हणतात, इंद्र आणि अग्नीलाही म्हणतात. पुढे हाच शब्द देवांच्या शत्रूंसाठी पक्का झाला. इराणात पारशी धर्माचा संस्थापक जरथुष्ट्र याने अहुर मज्द हा एकमेव पूज्य देव सांगितला आणि ‘दएव’ म्हणजे खोटे, टाकाऊ देव ठरवले. वेंदिदाद या अवेस्तातल्या ग्रंथात टाळायच्या दएवांच्या यादीत इंद्र, सउर्व आणि नाओङ्हइथ्य अशी नावं सलग येतात. सउर्व म्हणजे आपला शर्व, रुद्राचं नाव; नाओङ्हइथ्य म्हणजे नासत्य. मितन्नीच्या राजाने साक्षीला बोलावलेल्या देवांपैकी दोन इथे राक्षसांच्या यादीत बसले आहेत.

दोन भाऊबंद धर्मावरून भांडले आणि एकमेकांच्या देवांना राक्षस म्हणू लागले, ही गोष्ट ऐकायला चांगली वाटते. ती मांडणाऱ्यांत मार्टिन हाउग ठळक होता. हा जर्मन पंडित १८५९ ते १८६६ पुण्याच्या कॉलेजात संस्कृतचा प्राध्यापक होता. इथेच त्याने पारशी दस्तुरांकडून, म्हणजे धर्मगुरूंकडून, त्यांचे विधी समजावून घेतले आणि अवेस्तातल्या गाथा या खुद्द जरथुष्ट्राच्या आहेत हे दाखवलं. गाथांबद्दलचं त्याचं म्हणणं आजही मानलं जातं. भांडणाचा सिद्धांत मात्र मागे पडला, कारण ऋग्वेदात असुर-देव असा तंटा सुरुवातीला नाहीच.

विधी जास्त बोलके आहेत. यज्ञ–यस्न, होतृ–झओतर, मंत्र–मांथ्र, सोम–हओम. पारशी मोबेद, म्हणजे पुरोहित, आजही यस्नाच्या वेळी हओमाच्या काड्या खलबत्त्यात कुटून रस काढतात. सोम कोणती वनस्पती होती यावर आपल्याकडे ग्रंथच्या ग्रंथ लिहिले गेले आणि मूळ वनस्पती वापरातून गेली. कुटण्याचा तो आवाज अग्यारीत टिकून राहिला.

पारशांचा बेहराम आणि इंद्राचा काही संबंध आहे का?

आहे, आणि तो फार सुरेख आहे. इंद्राचं सगळ्यात आवडतं विशेषण ‘वृत्रहन्’, वृत्राला मारणारा. त्याचाच अवेस्तातला जोडीदार ‘वेरेथ्रघ्न’, विजयाचा देव. शतकांच्या उच्चारात तो झिजून ‘बेहराम’ झाला. म्हणजे इराणात इंद्र नावाने राक्षस ठरला आणि त्याचं विशेषण स्वतंत्र देव होऊन पूजेत राहिलं. पारशी महिन्याचा २०वा दिवस, बेहराम रोज, त्याचाच. सगळ्यात वरच्या दर्जाच्या अग्निमंदिराला ‘आतश बेहराम’ म्हणतात. भारतात अशी आठ आहेत: उदवाड्याला एक, नवसारीला एक, सुरतेत दोन आणि चार आपल्या मुंबईत. तो अग्नी सिद्ध करताना सोळा प्रकारचे अग्नी एकत्र आणतात, त्यात वीज पडून पेटलेला अग्नीही लागतो. पारशी नसलेल्यांना आत प्रवेश नाही.

बेहरामाची स्तुती असलेल्या यश्तात, म्हणजे अवेस्तातल्या स्तोत्रात, त्याची दहा रूपं सांगितली आहेत: वारा, बैल, घोडा, उंट, वराह वगैरे. दहा आकडा आणि वराह पाहून कोणालाही दशावतार आठवेल. मी मात्र इथे नातं मानणार नाही. विष्णूच्या अवतारांची दहाची यादी फार उशिरा पक्की झाली, आणि बाकीची रूपं जुळत नाहीत.

सर्पवधाची कथा मात्र जुळते. ऋग्वेदातला त्रित आप्त्य तीन डोकी असलेल्या विश्वरूपाला मारतो, आणि दुसऱ्या एका ऋचेत असाच शत्रू सहा डोळ्यांचा आणि तीन डोक्यांचा आहे. अवेस्तात आथ्व्याच्या घराण्यातला थ्रएतओन हा तीन डोकी, सहा डोळे असलेल्या अझि दहाकाला मारतो. अझि म्हणजे अहि, साप. तीन डोक्यांना सहा डोळे असणारच, पण ते मोजून सांगण्याची कवींची रीतसुद्धा दोन्हीकडे टिकली आहे. फारसी परंपरेत हेच दोघे फरीदून आणि झह्हाक झाले.

यम म्हणजे ग्रीकांचा हेडिस का?

नाही. हेडिस हा ग्रीकांच्या पाताळाचा राजा, पण यमाचा सख्खा नातेवाईक इराणात आहे: अवेस्तातला यिम, विवह्वन्ताचा मुलगा, आपला यम विवस्वताचा. पुढे तो जमशेद झाला. ‘यम’ या शब्दाचा अर्थ जुळा, आणि नॉर्वे-आइसलंडच्या कथांतला यमिर हाही त्याच मुळातला मानतात. त्या यमिराचं शरीर तोडून त्यापासून धरती, समुद्र आणि आकाश बनवलं. पुरुषसूक्त ज्यांना पाठ आहे त्यांना यात ओळखीचं काही दिसेल.

यमाच्या वाटेवर दोन कुत्रे आहेत: ‘अति द्रव सारमेयौ श्वानौ चतुरक्षौ शबलौ साधुना पथा’. अंत्यविधीच्या या ऋचेत मृताला सांगितलं आहे की चार डोळ्यांच्या, ठिपकेदार, सरमा या देवांच्या कुत्रीच्या त्या दोन पिल्लांच्या पुढून सरळ वाटेने निघून जा. चार डोळ्यांचा कुत्रा म्हणजे काय, हे पारशी विधीत दिसतं. सगदीद या विधीत प्रेताजवळ कुत्रा आणतात, आणि त्यासाठी डोळ्यांच्या वर दोन ठिपके असलेला कुत्रा घेण्याची पद्धत आहे. ते ठिपके म्हणजेच वरचे दोन डोळे. वेंदिदादातही ‘चार डोळ्यांचा’ असाच शब्द आहे. ग्रीकांच्या पाताळावरचा केर्बेरोस कुत्रा याच कुळातला असणं शक्य आहे. पण त्याचं नाव ‘शबल’शी जोडतात ते ध्वनिनियमांत नीट बसत नाही.

अश्विनीकुमारांसारखे जुळे देव आणखी कुठे आहेत?

ग्रीसमध्ये कास्टर आणि पॉलिड्यूकिस, लिथुआनिया आणि लाटव्हियाच्या लोकगीतांत देवाचे मुलगे. इथे देवांची नावं जुळत नाहीत आणि तरी नातं जवळपास सगळे मानतात, म्हणून हे उदाहरण मला महत्त्वाचं वाटतं. ऋग्वेद अश्विनांना ‘दिवो नपाता’, द्यौसाचे वंशज म्हणतो. ग्रीकांच्या जोडीला ‘दिऑस्कूरी’ म्हणतात, म्हणजे झ्यूसचे पोरगे. लाटव्हियन गीतांत ते ‘दिएवा देली’, देवाचे मुलगे. तिन्हीकडे घोडे आहेत, तिन्हीकडे सूर्याशी नातं असलेली किंवा बहीण म्हणून येणारी एक तरुणी आहे.

त्यांचं कामही एक, बुडत्याला वाचवणं. अश्विनांनी भर समुद्रात सापडलेल्या भुज्यूला शंभर वल्ह्यांच्या नावेतून काठाला आणलं. ग्रीक खलाशी वादळात याच जुळ्यांचा धावा करत.

वरुण म्हणजे युरेनस ना?

बहुधा नाही. ऊरानोस, म्हणजे युरेनस, हे ग्रीकांच्या आकाशदेवाचं नाव ‘वर्ष’ म्हणजे पाऊस या शब्दाच्या मुळाशी जोडलं जातं, वरुणाशी नाही. जुन्या मराठी पुस्तकांत ही जोडी अजून छापलेली सापडते. पर्जन्य आणि लिथुआनियाचा मेघगर्जनेचा देव पेर्कूनास यांची जोडीही अशीच: काम पूर्ण जुळतं, ध्वनी अर्धेच.

गणपती आणि रोमनांचा जेनस, कृष्ण आणि ख्रिस्त, राम आणि इजिप्तचा रा?

तिन्ही जोड्या सोडून द्या. गणपती-जेनस ही जोडी खुद्द विल्यम जोन्सने लावली होती, दोघांनाही आरंभी पूजतात म्हणून. त्याचं भाषेबद्दलचं विधान टिकलं, ही जोडी टिकली नाही. ‘ख्रिस्त’ हा ‘अभिषिक्त’ या अर्थाचा ग्रीक शब्द, हिब्रू ‘मशीहा’चं भाषांतर, ‘कृष्ण’ म्हणजे सावळा. इजिप्तची भाषा तर वेगळ्याच कुळातली.

मग विठोबा, खंडोबा, गणपती यांचे नातेवाईक बाहेर का सापडत नाहीत?

कारण ते त्या जुन्या सामायिक थरातले नाहीत. विठोबा आणि खंडोबा यांची मुळं शोधायची तर दख्खनमधले धनगर, वीरगळ, कानडी मुलूख, जेजुरी-मैलार यांच्याकडे बघावं लागतं. तिथे काम करायला झ्यूस उपयोगाचा नाही. आज आपण ज्यांची रोज पूजा करतो त्यातले बहुतेक देव या मातीत घडले, आणि त्यांचं मोल त्यामुळे तसूभरही कमी होत नाही. मोहेंजोदडोच्या शिक्क्यावरची बसलेली आकृती पशुपती शिव आहे असं जॉन मार्शलने म्हटलं. तिथली लिपी वाचता येत नाही तोवर ते अनुमानच आहे.

नातं नसताना देव सारखे कसे होतात?

उसनवारीने. सुमेरची इनान्ना अक्कदी लोकांत इश्तार झाली, किनाऱ्यावरच्या फिनिशियन लोकांत अस्टार्टे, आणि ग्रीक अफ्रोडाइटीवर तिचा ठसा स्पष्ट आहे. अफ्रोडाइटीचा प्रियकर अडोनिस हे नावच ‘स्वामी’ या अर्थाच्या सेमिटिक ‘अदोन’वरून आलं. हत्तुशाच्याच पाट्यांत कुमार्बी नावाचा देव आकाशदेव अनूचं पुरुषत्व तोडून राज्य मिळवतो आणि पुढे वादळदेव तेशुब ते घेतो. ग्रीकांची ऊरानोस, क्रोनोस, झ्यूस ही कथा याच साच्याची. झ्यूसचं नाव वारशाने आलं, त्याच्या राज्यारोहणाची कथा शेजाऱ्यांकडून.

मनू, नोआ आणि गिल्गमेश यांची जलप्रलयाची कथा एकच आहे का?

बायबलमधल्या नोआची आणि बॅबिलोनची कथा नक्की एका धाग्याची. १८७२ मध्ये ब्रिटिश म्युझियममध्ये काम करणाऱ्या जॉर्ज स्मिथने बॅबिलोनच्या गिल्गमेश महाकाव्याच्या ११व्या पाटीवर ती वाचली: नौका, पाणी ओसरलं का हे बघायला सोडलेले पक्षी, डोंगरावर टेकणं. मनूची कथा शतपथ ब्राह्मणात आहे. सकाळी हात धुवायला आणलेल्या पाण्यात त्याला लहानसा मासा सापडतो. तो मासा विष्णू आहे असं तिथे म्हटलेलंच नाही. महाभारतात तो स्वतःला ब्रह्मा म्हणवतो आणि मत्स्यपुराणात विष्णू. ही कथा मेसोपोटेमियातून आली की इथल्या नद्यांच्या पुरातून घडली, यावर एकमत नाही. सगळ्या मोठ्या नद्यांना पूर येतो, म्हणून नुसता पूर हा पुरावा धरता येत नाही.

देवांबरोबर आणखी काय वारशाने आलं?

कवींचे शब्दप्रयोग. वेदात ‘अक्षिति श्रवः’ आहे, न क्षीण होणारी कीर्ती. होमरच्या इलियडच्या नवव्या सर्गात अखिलीस ‘क्लेओस आफ्थितोन’ म्हणतो, अर्थ तोच आणि दोन्ही शब्दांची मुळंही तीच. अॅडलबर्ट कून याने १८५३ मध्ये हे दाखवलं. लिखाण नसताना, घोकून पाठ करणाऱ्यांच्या तोंडून ही शब्दांची जोडी दोन्हीकडे पोचली. देवांच्या याद्यांपेक्षा या एका जोडीने मला जास्त थक्क केलं आहे.

मित्र आणि वरुण इतके मोठे होते, तर ते मागे का पडले?

याचं उत्तर जुन्नरजवळच्या नाणेघाटात कोरलेलं आहे. सातवाहन राणी नागनिकेचा तिथला लेख इसवी सनपूर्व पहिल्या शतकाच्या सुमाराचा. सुरुवातीच्या नमनात इंद्र येतो, मग संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य आणि शेवटी चार लोकपाल: यम, वरुण, कुबेर, वासव. मितन्नीच्या तहात शपथेचा धनी असलेला वरुण इथे चार दिशांपैकी एकीचा राखणदार झाला आहे, आणि वासुदेव पुढे आला आहे. त्याच्या आसपास विदिशेजवळ बेसनगरला तक्षशिलेचा ग्रीक दूत हेलिओदोरस यानेही ‘देवदेव वासुदेवा’चा गरुडध्वज उभारला आणि स्वतःला भागवत म्हणवलं. राजे आणि परदेशी दूत ज्याच्या नावाने स्तंभ उभारू लागले, त्याचे दिवस आले होते.

तरी वरुण नाहीसा झाला नाही. सत्यनारायणाच्या पूजेत कलशावर हात ठेवून गुरुजी ‘अस्मिन् कलशे वरुणं साङ्गं सपरिवारं’ असं आवाहन करतात, तो हाच वरुण.

गुरुवार आणि ‘थर्सडे’ दोन्ही एकाच देवाचे आहेत का?

एकाच ग्रहाचे आहेत. ग्रहांवरून वार ठरवण्याची पद्धत रोमन-ग्रीक जगात रूढ झाली आणि ज्योतिषाबरोबर इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत भारतात आली. म्हणून सातही वारांचा ग्रह आणि क्रम सगळीकडे सारखा. आपल्याकडे वाराचा सर्वात जुना पक्का उल्लेख मध्य प्रदेशातल्या एरण इथल्या स्तंभावर आहे, बुधगुप्ताच्या काळातला, इसवी सन ४८४ चा. आणि तो नेमका गुरुवारच आहे, ‘सुरगुरूचा दिवस’.

प्रत्येक समाजाने त्या ग्रहावर आपला देव बसवला. आपण बृहस्पती, इंग्रजांच्या पूर्वजांनी ‘थोर’ नावाचा त्यांचा मेघगर्जनेचा देव. फ्रेंच ‘जदी’ आणि इटालियन ‘जोवेदी’ यांत मात्र ज्युपिटरचं नाव आहे, म्हणजे ऋग्वेदातला तोच द्यौस्. मंगळवारचंही तसंच: ‘ट्यूझडे’तला टीव हा जर्मानिक युद्धदेव, आणि त्याचं नाव आपल्या ‘देव’ या शब्दाचा थेट भाऊ आहे.